वेग : शून्य

मी थांबलो होतो. गेल्या चार महिन्यांत हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेत कुणी हलवलं तरी तोंडातून आधी हेच बाहेर पडतं. सिग्नल लाल होता, मी थांबलो होतो, आणि मागच्या गृहस्थांना या दोन्हींपैकी एकही गोष्ट दिसली नाही. धाडकन आवाज झाला, डिकीचं झाकण आ वासून उघडं पडलं, बंपर एका बाजूने लोंबायला लागला. दोन सेकंदांचा मामला. गृहस्थ भले निघाले. खाली उतरून "चूक माझीच" म्हणाले, फोटो काढू दिले, पॉलिसीचा नंबर दिला. आम्ही हातसुद्धा मिळवला. अपघात संपला अशी माझी भाबडी समजूत झाली.

रात्री विम्याच्या क्लेमचा ऑनलाइन फॉर्म भरायला बसलो. नाव, गाव, गाडीचा नंबर, इंजिनचा नंबर असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग प्रश्न आला : 'अपघाताच्या वेळी आपल्या वाहनाचा वेग (ताशी किमी).' मी शून्य टाकलं. चौकट लाल झाली. 'कृपया योग्य माहिती भरा.' पुन्हा शून्य टाकलं, पुन्हा लाल. दोन शून्यं टाकून पाहिली. दशांश चिन्ह देऊन पाहिलं. चौकट रिकामी सोडली, तर 'ही माहिती अनिवार्य आहे.' एवढा लाल रंग त्या सिग्नललाही नव्हता.

हेल्पलाइनला फोन लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं सांगून त्यांनी मला बासरीच्या स्वाधीन केलं. या होल्डवरच्या संगीताचा शोधही अपघातानेच लागला. अमेरिकेत अल्फ्रेड लेव्ही नावाच्या कारखानदाराच्या टेलिफोनची एक सुटी तार इमारतीच्या पोलादी तुळईला टेकली आणि शेजारच्या रेडिओ स्टेशनचा कार्यक्रम त्याच्या फोनवर ऐकू यायला लागला. शहाण्या माणसाने तार दुरुस्त केली असती. याने १९६६ साली पेटंट मिळवलं. त्या अपघाताची नुकसानभरपाई जग अजून देतंय.

चाळीस मिनिटांनी एक गोड आवाज आला.

"सर, एक टाका ना."

"पण मी थांबलो होतो."

"हो सर, पण सिस्टीम शून्य घेत नाही. एक म्हणजे थांबल्यासारखंच असतं सर."

मी एक टाकला. चौकट हिरवी झाली. खोटं बोलल्याबरोबर कुणी इतक्या तत्परतेने माझ्यावर विश्वास ठेवण्याची ही पहिलीच वेळ.

तिसऱ्या दिवशी सर्व्हेअर आले. वाकून, बसून, एकदा तर चक्क आडवं होऊन त्यांनी गाडी पाहिली. मग मोबाइलवर माझा फॉर्म उघडला.

"ताशी एक किलोमीटर. म्हणजे गाडी चालती होती."

"नव्हती हो. मी थांबलो होतो."

"इथे तुम्हीच एक लिहिलंय."

मी बासरीपासून सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "एक किलोमीटर पुढे, की मागे?"

मला आधी प्रश्नाची खोली कळली नाही. मग अंगावर काटा आला. मागे म्हटलं, तर मीच जाऊन त्या गृहस्थांना धडकलो होतो! बायको शेजारच्या सीटवर होती, तिला साक्षीला बोलावलं. घरच्यांच्या साक्षीला तसं वजन नसतं म्हणे, पण ती आली आणि म्हणाली, "थांबले होते खरे. पण यांचं थांबणं म्हणजे जरा जरा पुढे सरकतच असतं." सर्व्हेअरनी तेवढंच लिहून घेतलं.

विम्याच्या करारात दोन्ही बाजूंनी परम सद्भाव हवा, असं १७६६ साली इंग्लंडच्या लॉर्ड मॅन्सफिल्ड या न्यायाधीशांनी सांगून ठेवलंय. तो खटला सुमात्रा बेटावरच्या एका किल्ल्याचा. किल्ला फ्रेंचांनी घेतला आणि विमा देणारा म्हणाला, किल्ला कमकुवत आहे हे तुम्ही आम्हाला सांगितलंच नव्हतं. तो हरला. पण किल्ल्याचं एक बरं असतं. तो थांबलेला होता की नाही, असं त्याला कुणी विचारलं नाही.

पुढे त्या गृहस्थांच्या विमा कंपनीचं पत्र आलं. 'आपले वाहन गतिमान असल्याचे आपल्याच निवेदनावरून दिसते, सबब जबाबदारीचा प्रश्न विचाराधीन आहे.' माझी कंपनी म्हणाली, तुम्ही तूर्त आपल्याच पॉलिसीतून पैसे घ्या, आम्ही मागाहून त्यांच्याकडून वसूल करू. याला सब्रोगेशन म्हणतात. म्हणजे कंपनी माझ्या जागी उभी राहून भांडणार. मला बरं वाटलं. निदान कुणीतरी त्या जागी उभं राहतंय, चालत नाहीये.

पैसे आले ते अर्थात पूर्ण नाहीत. विम्याचं तत्त्व असं की अपघाताआधी तुम्ही होतात तिथेच तुम्हाला नेऊन ठेवायचं, त्याहून एक पाऊलही पुढे नाही. माझा बंपर सहा वर्षांचा होता आणि बसवला कोरा करकरीत. मधल्या सहा वर्षांचा घसारा माझ्या माथी. मी म्हटलं, मग सहा वर्षं वापरलेलाच बसवा. "तसा मिळत नाही सर." शिवाय पहिली ठरावीक रक्कम माझ्याच खिशातून, कारण तसं मी सही करून मान्य केलेलं. ती सही माझीच होती. तेव्हा हप्ता कमी होतोय एवढंच ऐकलं होतं.

वसुलीचं काय झालं म्हणून अधूनमधून फोन करतो. 'प्रक्रियेत आहे' असं कळतं. बासरी आता मला पाठ झालीय.

परवा पॉलिसीच्या नूतनीकरणाचा फॉर्म आला. तीच वेबसाइट, त्याच चौकटी. पाच वर्षं एकही क्लेम न करता साठवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, मी शोधायला लागलो. ती चौकट कंपनीने आधीच भरून ठेवली होती. आकडा होता शून्य, आणि चौकट हिरवीगार.