खोबरेल तेलाने स्मृतिभ्रंश बरा होत नाही

रोज दोन चमचे खोबरेल तेल दिल्यास ज्येष्ठांचा स्मृतिभ्रंश बरा होतो, असा संदेश अनेक कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. या दाव्याला वैद्यकीय आधार नाही. डोनेपेझिलसारखी औषधेसुद्धा अल्झायमरची (स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराची) लक्षणे काही काळ सौम्य करतात, आजार मुळापासून घालवत नाहीत. मात्र बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडची मंदावलेली क्रिया यांमुळे आलेला विसराळूपणा उपचारांनी सुधारू शकतो, म्हणूनच तेलाच्या भरवशावर रक्ततपासणी लांबणीवर टाकणे आम्हांला सर्वाधिक धोक्याचे वाटते. गिळताना ठसका लागणाऱ्या आजींना तर बळेच तेल पाजू नये, कारण ते श्वासनलिकेत उतरल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. जेवण झाल्याचे विसरून आजी पुन्हा ताट मागू लागल्या आणि त्यांना गिळताना ठसका लागत नसेल, तर वाद न घालता पिकलेल्या केळ्याचे दोन मऊ घास द्यावेत.