ताप उतरला म्हणजे औषध लागू पडलं असं नाही (डॉक्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार डॉक्टर,

एफएमएफवरच्या (फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हर, म्हणजे जीनमधल्या बिघाडामुळे पुन्हा पुन्हा ताप येणारा आजार) माझ्या पोस्टखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, राग आला, म्हणून सकाळी परत वाचली. तुमचं म्हणणं असं की लहान मुलांना वर्षातून सात-आठ वेळा ताप येतोच, ठाण्यात पावसाळ्यात आधी डेंग्यू-मलेरियाच बघावा लागतो, आणि मी आईबापांना घाबरवून जीन टेस्टच्या नादी लावतेय. पहिल्या दोन्ही गोष्टी मान्य, अगदी शंभर टक्के. तिसरी नाही. मी त्या पोस्टमध्ये तापाच्या तारखा लिहून ठेवा एवढंच सांगितलं होतं.

माझ्या भाचीचं सांगते. ताई वर्तकनगरला राहते. पोरीला कडक ताप यायचा, पोट इतकं दुखायचं की हात लावू द्यायची नाही, आणि तिसऱ्या दिवशी खाली खेळायला हजर. दर वेळी जो दवाखाना उघडा असेल तो, दर वेळी अँटिबायोटिक, आणि ताप उतरला की आम्ही सगळे म्हणायचो चला, लागू पडलं. एफएमएफचा ताप एक ते तीन दिवसांत आपला आपणच उतरतो हे तेव्हा कुणाला माहीत, श्रेय मात्र शेवटच्या गोळीला! एकदा विडाल ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह म्हणून टायफॉइडचा कोर्स झाला, एकदा अपेंडिक्स काढलं, ते नॉर्मल निघालं, आणि पाच आठवड्यांनी पोट पुन्हा तसंच. मी कुणाला दोष देत नाहीये, प्रत्येकाने समोरचा एक ताप नीट बघितला, पण चार वर्षांचे ताप एका टेबलावर कुणीच मांडले नाहीत, आम्हीसुद्धा नाही.

शेवटी ताईने जुनी प्रिस्क्रिप्शन्स आणि मेडिकलची बिलं काढून वहीत तारखा उतरवल्या. ती वही बघून एका डॉक्टरांनी सीआरपी (शरीरात आतून सूज आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) दोनदा करायला सांगितली, एकदा तापात आणि एकदा पोरगी ठणठणीत असताना. तापात भरपूर वाढलेली, नंतर नॉर्मल, इन्फेक्शन कुठेच नाही. जीन टेस्ट त्याच्यानंतर.

आणि जीन टेस्टबद्दल तुमची काळजी खरी आहे. एमईएफव्ही हा एफएमएफचा जीन 1997 मध्ये सापडला, पण त्यातला ई148क्यू हा बदल आपल्याकडे कितीतरी धडधाकट माणसांत असतो, त्यामुळे हिस्टरी नसेल तर नुसत्या रिपोर्टवरून काहीच ठरत नाही. उलट ‘आमच्या घरात कुणालाच नाही’ हेही चालत नाही, कारण बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत येते आणि त्या दोघांना काही त्रास नसतो. ताईला सासरी यावरून किती ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

घाई का करायची, तर वर्षानुवर्षं शरीरात ही आतली सूज राहिली की अमायलॉइड नावाचं प्रोटीन किडनीत साठतं आणि किडनी जाऊ शकते. आणि थांबवायला काय लागतं, तर कोल्चिसिन, गाऊटची जुनी गोळी, एफएमएफमध्ये चालते हे 1972 पासून माहीत आहे. (कुणीही वाचून स्वतःहून सुरू करू नका, डोस चुकला तर जीवावर बेतू शकतं.)

रविवारी ताईच्या वहीची पहिली दोन पानं इथे टाकते. तुम्ही बघा, आणि कितव्या तारखेला तुम्हाला शंका आली असती ते मला खरंच सांगा.