मागाचं बोलणं पुण्याच्या हेलात नको

शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय आणि मी इथं स्टॉकहोममध्ये बसून चिडतोय. आमच्या एका मित्रानं एआयबद्दल सायन्स फिक्शन कादंबरी लिहिलीय, सोलापूरच्या पूर्व भागातल्या टॉवेल कारखान्यातला माग कामगारांशी बोलायला लागतो अशी गोष्ट आहे, आणि आता तिचं ऑडिओबुक काढायचंय. तर निम्म्यांचं म्हणणं, वाचायला माणूस कशाला, यंत्राची गोष्ट यंत्रालाच वाचू दे की, पैसे वाचतील. उरलेल्यांचं म्हणणं, माणूस घ्यायचाच तर पुण्याचा घे, आपला हेल ऐकून लोक हसतील.

का हसतील? इथं सकाळच्या पेंडेलटोगमध्ये, म्हणजे लोकलमध्ये, कितीतरी लोक कानात पुस्तक लावून बसलेले असतात. गेल्या हिवाळ्यात मी एक कादंबरी ऐकली, बाई अख्खी कादंबरी स्कोनेकडच्या, म्हणजे दक्षिण स्वीडनच्या, हेलात वाचत होती, ऑफिसात कुणी नाक मुरडलं नाही. आणि २०१७ मध्ये भारतात मराठी ऑडिओबुकं घेऊन आलेली स्टोरीटेल इथलीच. त्यावर एकानं लगेच सुनावलं, त्याच स्टोरीटेलनं २०२३ मध्ये एआय आवाजांसाठी इलेव्हनलॅब्सशी, यंत्राचे आवाज बनवणाऱ्या कंपनीशी, हात मिळवला ना. मिळवला, मान्य. पण यंत्र जे ऐकतं तेच शिकतं, इंग्रजीचं रेकॉर्डिंग ढिगानं पडलंय, आमच्या अशोक चौकातलं बोलणं त्याला कुणी ऐकवलंय?

मित्रानं नमुन्याला पाच मिनिटं यंत्राकडून वाचून घेतली, ती क्लिप मी तीनदा ऐकली. ‘काय करलालाय बे’, म्हणजे काय करतोयस रे, एवढंच वाक्य. करलालायवर ते अडखळलं आणि ‘बे’ असं काही म्हणालं जसं पाढ्यातलं बे एके बे. मग नाटकात काम करणाऱ्या एका अक्कांनी तेच पान फोनवर वाचून पाठवलं, त्यात ‘बे’ नीट ऐकूपण येत नाही, वाक्याच्या शेवटाला नुसता टेकतो आणि जातो. मला एकदम घरचं दार दिसलं.

माझी आई विड्या वळायची. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, वाचायचं म्हटलं तर एकेक अक्षर लावत. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं, डोळे आणि बोटं तिथंच अडकलेली, मोकळे फक्त कान. आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रावर नाटक लागलं की हात न थांबवता ऐकायची आणि रात्री जेवताना आम्हाला सगळं सांगायची, आवाज काढून, एकही पात्र न विसरता. ती ऐकणारी बाई आहे, आणि ही कादंबरी तिच्यासारख्यांच्याच गल्लीची आहे.

ग्रुपवर एकानं विचारलं, तू तिथं बसून शिकवतोस, बारा वर्षांत गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, कितीदा आलास बे? एकदा. लागलं ते. माझ्या मुलीला देवनागरी वाचता येत नाही, मराठी पुस्तक शेवटपर्यंत वाचून मलाही वर्षं झाली, माझ्याकडं सोलापूर आता कानातूनच येतं, म्हणून तर जीव तुटतो.

अक्कांच्या रेकॉर्डिंगचे पैसे मी देतो असं मित्राला कळवलंय. आणि पहिला भाग झाला की आईला ऐकव म्हटलंय. ती आता कुंभारीला विडी कामगारांच्या गोदूताई वसाहतीत असते, बोटं वळत नाहीत, कान शाबूत आहेत.