चार प्रश्नांत वीस प्रश्नांचं काम होत नाही

‘आयटम रिस्पॉन्स थिअरी लावून निवडलेले चार-पाच प्रश्न म्हणजे अख्खी चाचणीच. मूळ चाचणीशी सहसंबंध 0.9च्या वर येतो, मग लोकांना वीस प्रश्नांनी दमवायचं कशाला?’ नैराश्यासारखा त्रास मोजणाऱ्या चाचण्यांबद्दल हा दावा समुपदेशकांमध्ये आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये सर्रास फिरतो. आयटम रिस्पॉन्स थिअरी म्हणजे प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरावरून माणसाच्या त्रासाची पातळी अंदाजणारा सिद्धांत. तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

आधी तो सहसंबंध. पाच प्रश्न त्या वीसांतलेच असतात. एकदाच भरून घेतलेल्या वीस उत्तरांतली पाच उचलून त्याच वीसांशी ताडून पाहिली, तर ती पाच उत्तरं आपल्या चुकांसकट दोन्हीकडे मोजली जातात. आकडा फुगणारच. छोटी चाचणी वेगळी भरून घेतल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

‘अख्खी चाचणी’ हे म्हणणं तर या सिद्धांताच्याच विरुद्ध जातं. मापनाची अचूकता त्रासाच्या प्रत्येक पातळीवर वेगळी असते, हेच तो सांगतो. प्रश्नांतून मिळणारी माहिती चौथाईवर आली की प्रमाण त्रुटी, म्हणजे गुणांतली अनिश्चितता, दुप्पट होते. निवडक प्रश्न एका पातळीभोवती ही तूट बरीच भरून काढतात, म्हणून कोणाला त्रास असू शकतो हे ओळखणाऱ्या चाळणीसाठी ते चालतात. उपचाराने किती फरक पडला हे मोजायला तेच प्रश्न अपुरे पडतात.

मला सर्वांत खटकते ती निवड. भेदनक्षमता, म्हणजे कमी आणि जास्त त्रास असलेल्यांना वेगळं ओळखण्याची ताकद, जास्त म्हणून नैराश्याच्या चाचणीत उदास, खिन्न, निराश असे तीन प्रश्न वर येतात. खरं तर तो एकच प्रश्न तीनदा विचारलेला असतो आणि त्या सारखेपणानेच भेदनक्षमता फुगते. झोप आणि भूक मागे पडतात. पीएचक्यू-9 या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीतला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. बहुतेक जण त्याला ‘अजिबात नाही’ म्हणतात, त्यामुळे छाटणीत तो सहज जाऊ शकतो. पण ज्याचं उत्तर ‘जवळपास रोज’ असतं, त्याच्यासाठी बाकी बेरीज बाजूला ठेवावी लागते.

लोक दमतात, हे मात्र खरं. त्यावर अनुकूली चाचणी हा उपाय आहे. अमेरिकेतल्या प्रॉमिस या आरोग्य-मापनाच्या प्रकल्पात नैराश्याचे 28 प्रश्न साठ्यात राहतात. संगणक आधीच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न निवडतो, त्रुटी पुरेशी घटली की थांबतो आणि 4 ते 12 प्रश्नांत काम उरकतो. अर्थात त्या साठ्यातही झोप-भुकेचे प्रश्न नाहीत.

आणि भेदनक्षमतेचे हे सगळे आकडे इंग्रजी प्रश्नांचे. ‘कशात मन लागत नाही’ या वाक्याची भेदनक्षमता मराठी उत्तरांवरूनच काढावी लागते. त्यासाठी आधी पूर्ण चाचणी शेकडो मराठी माणसांकडून भरून घ्यावी लागते.