‘एकदाच मोठं टाका’ या आक्षेपाबद्दल

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : विजेची पुढची मागणी कोणालाच सांगता येत नाही, मग अंदाज मांडत बसण्यापेक्षा आत्ताच दुप्पट क्षमतेचं वीजवितरणाचं जाळं टाकावं, माझ्या लेखात म्हटलं तसं टप्प्याटप्प्याने वाढवणं म्हणजे लोकांना अंधारात ठेवणं.

जमिनीखालच्या केबलपुरतं हे मला पूर्ण मान्य आहे. लेखात मी केबल आणि ट्रान्सफॉर्मर एकाच मापाने मोजले, ते चुकलं. केबलचा मोठा खर्च खोदाईचा आणि रस्ता पूर्ववत करण्याचा असतो. वाहक, म्हणजे केबलमधली धातूची तार, जाड घेतल्याने वाढणारी रक्कम त्यापुढे लहान. शिवाय तारेचा छेद (आडव्या कापाचं क्षेत्रफळ) दुप्पट केला की रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, निम्मा होतो, म्हणजे तेवढ्याच लोडला (विजेच्या मागणीला) वाया जाणारी वीजही निम्मी. मागणी वाढलीच नाही तरी ही बचत पुढची कित्येक दशकं होत राहते. तिथे हात आखडता घेऊच नये.

ट्रान्सफॉर्मरचं तसं नाही. त्याच्या लोखंडी गाभ्यातली हानी, म्हणजे तिथे वाया जाणारी वीज, लोड असो वा नसो, वर्षाचे ८,७६० तास चालू राहते. ३१५ केव्हीएवर (केव्हीए हे ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं माप) भागत असताना ६३० चा बसवला, तर ही जादा हानी पहिल्या दिवसापासून भरायची, तीही कदाचित कधीच न येणाऱ्या लोडसाठी. आणि ट्रान्सफॉर्मर काढून दुसरीकडे बसवता येतो. पुरलेली केबल तशी उचलता येत नाही. चूक दुरुस्त करायला किती पडेल, हे मला अंदाजाच्या अचूकतेपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

दुसरं म्हणजे, दुप्पट तरी कशाच्या? २३० व्होल्टवर ३२ अँपिअर घेणारा गाडीचा चार्जर सुमारे ७.४ किलोवॅट ओढतो. असे पन्नास एकदम चालले तर ३७० किलोवॅट. एरवी ते एकदम चालत नाहीत, कारण माणसं वेगवेगळ्या वेळी घरी येतात. पण रात्री अकरापासून वीज स्वस्त केली आणि सगळ्यांनी टायमर लावले, तर अकराच्या ठोक्याला सगळे एकत्र सुरू होतील. गाड्या तेवढ्याच, मागणीचं शिखर मात्र कितीतरी उंच. ते खाली आणायला दर आणि वेळा नीट आखाव्या लागतात. नुसतं तांबं वाढवून भागत नाही.

अंधाराची तुमची भीती मात्र रास्त आहे. वाट पाहायची तर प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर मीटर हवा, आणि लोड कुठे पोचला की नवा मागवायचा तो आकडा आधीच ठरलेला हवा, तोही यंत्र हाती येईपर्यंतचे महिने धरून. ही तयारी नसेल तिथे मीही तुमच्यासारखंच मोठा ट्रान्सफॉर्मर बसवा म्हणेन.