डिकीतले कागद

आज ऑफिसात दोन तास बसवून आम्हाला पैसा कसा सांभाळायचा ते शिकवलं. डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून लोकलमध्ये उभ्याउभ्याच टाइप करतोय. शुद्धलेखनाला हसू नका.

‘फायनान्शियल वेलनेस’ असं सेशनचं नाव. एचआरने सक्तीचं केलेलं, शेवटी समोसा. ब्लेझर घातलेला एक तरतरीत माणूस आला. कर्ज हा पैशाचा नाही, मानसिकतेचा प्रश्न आहे, म्हणाला. मग पडद्यावर एक गोल आला आणि त्याचे तीन तुकडे झाले. ५०-३०-२०. निम्मा पगार गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला आणि कर्ज फेडायला. "इतकं सोप्पं आहे, फक्त शिस्त हवी."

मागच्या रांगेतून आमच्या डिस्पॅचमधल्या एका पोराने हात वर केला. चोवीस-पंचवीस वर्षांचा असेल. म्हणाला, "सर, माझं भाडं आणि हप्ते यातच निम्म्याच्या वर जातं. मग ते तीस आणि वीस कुठून काढू?" ब्लेझरवाले हसले. "मग इन्कम वाढव ना, बॉस!" अख्खा हॉल हसला.

अख्खा म्हणजे मीसुद्धा. क्षणभरच, पण हसलो. तेच घशात अडकून बसलंय.

कारण २०१८ च्या डिसेंबरात मी तो पोरगा होतो. फक्त हात वर करायची हिंमत माझ्यात नव्हती. मी माझी बिलं स्कूटरच्या डिकीत लपवायचो.

खरंच. क्रेडिट कार्डाची स्टेटमेंटं, पर्सनल लोनचं पत्र, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, रेनकोटच्या खाली. बायकोला सांगायचो, हप्ता एकच आहे, चाललंय व्यवस्थित. एका रविवारी ती पीयूसी शोधायला खाली गेली आणि ती पिशवी घेऊन वर आली. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. मुलीच्या चित्रकलेच्या वहीतलं एक पान फाडलं, लाल स्केचपेन घेतलं आणि म्हणाली, "सांग. एकेक."

मी सांगितलं. एक कार्ड, १ लाख ३८ हजार. पर्सनल लोन, २ लाख २० हजार बाकी. तिने लिहिलं आणि विचारलं, "अजून काही?" मी नाही म्हणालो. ती स्केचपेन उघडं धरून तशीच बसली. मग मी म्हणालो, दुसरं एक कार्ड आहे, ४३ हजार. "अजून काही?" मोबाइलचे सहा हप्ते, १२ हजार. "अजून?" मग बराच वेळ मी पंख्याकडे बघत होतो. चिपळूणच्या आत्याकडून ३० हजार हातउसने घेतले होते, बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी, आणि परत दिले नव्हते.

४ लाख ४३ हजार. तोपर्यंत मीसुद्धा ही बेरीज कधी केली नव्हती.

आता कोणी म्हणेल, मोबाइल कशाला घ्यायचा मग? बरं, मान्य. मोबाइल ही माझी हौस होती. पण बाकीचं हॉस्पिटल, भाड्याच्या घराचं डिपॉझिट आणि एका वर्षी न वाढलेला पगार होतं. चहा बंद करून ४ लाख ४३ हजार फिटत नाहीत हो. मी हिशेब केलाय.

आणि हिशेबच करायचा तर तो गोल घेऊ या. तेव्हा माझा हातात येणारा पगार ४६ हजार, तिच्या शिकवण्यांचे ९. एकूण ५५. त्याचा निम्मा भाग साडेसत्तावीस. भाडं ११ हजार आणि सगळे हप्ते मिळून १९,२००. झाले ३०,२००. म्हणजे घरात तांदळाचा दाणा यायच्या आधीच तो पन्नासचा तुकडा भरून बाहेर सांडत होता. गंमत म्हणजे हे सूत्र लोकप्रिय केलं एलिझाबेथ वॉरन यांनी, मुलीच्या साथीने, २००५ साली. आज त्या अमेरिकेत सिनेटर आहेत, पण तेव्हा दिवाळखोरीचा कायदा शिकवायच्या आणि दिवाळं निघालेल्या कुटुंबांचा अभ्यास करण्यात त्यांची वर्षं गेली होती. हे सूत्र सहसा असं वापरतात की कर्जाचा किमान हप्ता गरजांच्या निम्म्यातच येतो, त्याहून जास्त जे भराल ते वीस टक्क्यांतून. हे ब्लेझरवाल्यांनी सांगितलं का? नाही. सांगितलं असतं तर त्या पोराचा प्रश्न विनोद ठरला नसता.

शेवटच्या स्लाइडवर काय होतं माहितीये? अंथरूण पाहून पाय पसरावे. अहो, डोंबिवलीत अंथरूण पसरायच्या जागेचंच भाडं ११ हजार होतं, आणि ते तेव्हाचं!

उतरतो. बाकी घरी जाऊन लिहितो.

*

हां. आलो. चहा झाला, जरा थंड झालोय.

मिनिमम ड्यू, म्हणजे कार्डाच्या बिलातली निदान एवढी तरी भराच अशी रक्कम. या दोन शब्दांनी माझी दोन वर्षं खाल्ली. १ लाख ३८ हजारांवर पाच टक्के म्हणजे ६,९०० रुपये मिनिमम. ते भरलं की मला वाटायचं, या महिन्याचं निभावलं. त्या पानावर बायकोने ते फोडून दाखवलं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे ४,८३०. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, ८६९. एकूण ५,६९९. म्हणजे ६,९०० भरून कर्ज कमी झालं फक्त १,२०१ रुपयांनी! आणि वर बाकी ठेवलेल्या कार्डावर नवीन काही घेतलं की त्याला पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत मिळत नाही, घेतल्या दिवसापासून मीटर सुरू. बाकी घटली की पाच टक्क्यांचं मिनिममही घटतं, म्हणून पाच वर्षं नुसतं मिनिमम भरत बसलो असतो तरी निम्म्याहून जास्त उरलं असतं. हे बिलावर लिहिलेलं असतं बरं का. फक्त मिनिमम भरलंत तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल, ही सूचना रिझर्व्ह बँकेच्या नियमानेच छापावी लागते. मी वाचली नव्हती. डिकीत अंधार असतो.

मग तिने काय केलं? पाटल्या काढल्या. मी नको नको म्हणत होतो, आणि खरं सांगायचं तर मनातून सुटल्यासारखंही वाटत होतं. सरकारी बँकेत सोनेतारण, वर्षाला साधारण दहा टक्के. कार्डाचे बेचाळीस, वर जीएसटी. १ लाख ४० हजार घेतले, पहिलं कार्ड एका दिवसात शून्य केलं आणि बंद करायचं पत्र दिलं. कार्डाला जाणारे तेच ६,९०० दर महिन्याला सोनेतारणात भरायला लागलो. खिशातून तेवढेच जात होते, पण आता व्याजाला बाराशेच्या आत आणि बाकीचं मुद्दलात.

सोनं गहाण टाकणं धोक्याचं आहे, हप्ते चुकले तर लिलाव होतो, आणि सगळ्यांच्या घरी पाटल्या नसतात. माहितीये. पण ज्यांच्या घरी कपाटात पाटल्या आहेत आणि खिशात बेचाळीस टक्क्यांचं कार्ड आहे, त्यांनी निदान लाजेपायी तरी थांबू नये. आपल्याकडे सोनं गहाण टाकलं की घराची अब्रू गेली आणि कार्ड घासलं की स्मार्ट. हे कोणी ठरवलं देव जाणे.

पुढचा प्रश्न, आधी काय फेडायचं. यावर इंटरनेटवर मारामाऱ्या चालतात. एक पंथ स्नोबॉलवाला: सगळ्यात छोटं कर्ज आधी उडवा, हुरूप येतो. दुसरा ॲव्हलान्चवाला: सगळ्यात जास्त व्याजाचं आधी, पैसे वाचतात. गणिताने दुसरा पंथ बरोबर आहे, वाद नाही. आणि आम्ही काय केलं? दुसरं कार्ड ४३ हजारांचं, बेचाळीस टक्क्यांनी पेटलेलं असताना आधी आत्याचे ३० हजार परत केले. ज्यावर व्याज शून्य! कुठल्याही पुस्तकात हे बसणार नाही. पण मी दोन वर्षं चिपळूणला गेलो नव्हतो. आतेभावाच्या मुलाच्या बारशाला ताप आल्याचं खोटं सांगितलं होतं. पैसे दिले त्या दिवशी आत्या फोनवर म्हणाली, "अरे, मी मागितले होते का?" नव्हते मागितले. म्हणूनच आधी द्यायचे होते.

आणि पाकिटं. पाकिटांबद्दल लिहायलाच हवं. कुणीतरी सांगितलं म्हणून नव्हे, तिच्या आईकडची पद्धत म्हणून, पगार झाला की रोख काढायची आणि वेगवेगळ्या पाकिटांत घालायची. आमच्याकडे शिल्लक होती आहेराची पाकिटं, एक रुपयाचं नाणं चिकटवलेली. त्यांवर तिने लिहिलं: भाजी-दूध, लोकलचे पास, औषधं, शाळा, अडीनडी. पाकीट रिकामं झालं की महिना संपेपर्यंत ते खातं बंद. विसाव्या तारखेला भाजीच्या पाकिटात फक्त तो चिकटवलेला रुपया उरला की आम्ही पिठलं करायचो. त्या वर्षी पिठलं फार झालं. मुलगी अजून पिठल्याचं नाव काढलं की ताट सरकवते.

अडीनडीचं पाकीट मात्र सगळ्यात आधी भरायचं. मला ते पटायचं नाही. कर्ज असताना बाजूला कसले ठेवायचे? पण कुकरची शिटी गेली, मुलीचा चष्मा फुटला, तेव्हा कार्ड बाहेर नाही निघालं, ते पाकीट निघालं. गप्प बसलो.

आता रोख कोण वापरतं, हेही खरं. यूपीआयला पाकीट कळत नाही, स्कॅन केलं की गेले. म्हणून हल्ली आमचं एक वेगळं खातं आहे, एक तारखेला त्यात ठरलेली रक्कम टाकतो आणि फोन फक्त त्याच खात्याला जोडलेला. पाकिटासारखं नाही होत. पाकीट हाताला हलकं लागायचं.

सरळ रेषेत काही झालं नाही. तेवीस महिन्यांत पाटल्या सुटतील असा हिशेब होता, २०२० उजाडलं. पगार तीस टक्के कापला. पर्सनल लोनला मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते काही महिने थांबवायची सवलत घेतली, तेव्हाही व्याज चालूच होतं, हे नंतर कळलं. पाटल्या एकतिसाव्या महिन्यात आल्या. शेवटचा हप्ता एप्रिल २०२२. मधे दोनदा आम्ही कडाडून भांडलो, एकदा फक्त आईस्क्रीमवरून.

तर तो पोरगा.

सेशननंतर समोसा न घेता तो खाली टपरीवर गेला. मी मागून गेलो. सॉरी म्हणालो, तर त्याला कशाबद्दल तेच कळेना. मग मी डिकीची गोष्ट सांगितली. त्याने फोन काढला आणि दाखवायला लागला. बाइकचं लोन, "बारा टक्केच आहे दादा." विचारलं, फ्लॅट का? त्याला माहीत नव्हतं. लाखावर तीन वर्षं फ्लॅट बारा म्हणजे ३६ हजार व्याज, कारण मुद्दल फिटत असतं तरी व्याज पूर्ण लाखावर लागत राहतं. खरा दर एकवीसच्या आसपास पडतो. त्याला म्हटलं, कर्जाच्या कागदांत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा तपशिलाचा कागद आहे का बघ, त्यात एपीआर, म्हणजे सगळा खर्च धरून पडणारा वर्षाचा दर लिहिलेला असतो, तो खरा आकडा. एका कार्डाचा एजंट त्याला म्हणे सांगतोय की थोडे भरा, सेटल करून टाकू. त्याला म्हटलं, घाई नको, सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदीत ‘सेटल्ड’ लागतं, ‘क्लोज्ड’ नाही, आणि उद्या घराचं कर्ज मागायला गेलास की बँक तेच बघते.

मग विचारलं, "अजून काही?"

म्हणाला, नाही दादा.

मी चहाचा ग्लास धरून उभा राहिलो. काही बोललो नाही. मिनिटभराने म्हणाला, कर्जाची दोन ॲप आहेत. गावी आईला माहीत नाही.

उद्या लंचला वही घेऊन ये म्हटलंय. (त्याला विचारूनच लिहितोय. नाव सांगणार नाही आणि तुम्हीही कमेंटमध्ये अंदाज करू नका.) मी काही फार शहाणा नाही, पण लाल स्केचपेन आहे घरात अजून.

*

पोस्ट टाकायच्या आधी बायकोला वाचून दाखवली. तिने तीन चुका काढल्या.

एक, आत्याचे तीस हजार ‘आम्ही’ नाही दिले, तिने दिले, तिच्या भिशीचा नंबर लागला होता तेव्हा. दोन, आईस्क्रीमवरून नाही, फालुद्यावरून.

तिसरी चूक सांगायला तिने वेळ लावला. म्हणाली, पीयूसी डिकीत नव्हतीच, कपाटात होती, तिला ठाऊक होतं. चार महिने वाट बघितली तू सांगशील म्हणून, नाहीच बोललास, मग गेले खाली.

सहा वर्षांहून जास्त झाली. हे मला आज कळतंय. ती पानं वाढतेय आणि मी इथे बसलोय. कमेंट उद्या वाचतो.