‘गूगलवरची डॉक्टरकी’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

वीस वर्षं एमआरआय वाचता असं आपणच लिहिलंत, त्याचा मान ठेवून उत्तर देते. शेक (रेडिएशन) लागू पडतोय का, हे मेंदूतल्या गाठीचा आकार बदलण्याआधीच डिफ्यूजन एमआरआयवर, म्हणजे पेशींभोवतीच्या पाण्याची हालचाल टिपणाऱ्या एमआरआयवर, दिसू शकतं, असा माझा लेख होता. त्यावर आपलं पहिलंच वाक्य: “नातेवाइकांनी गूगल वाचून डॉक्टरकी करू नये, पेशंटचं नुकसान होतं.”

लेख चुकला म्हणायचं तर म्हणा, पण ही बोलायची रीत झाली का? नुकसान म्हणजे काय ते मला शिकवू नका.

माझ्या धाकट्या भावाला ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा झपाट्याने वाढणारा कर्करोग, होता. ३० शेक, मिळून ६० ग्रे (किरणांचं माप), सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या. शेक देताना डोकं हलू नये म्हणून घातलेला जाळीचा मास्क काढला की त्याच्या कपाळावर जाळीचे वळ उमटलेले असायचे, घरी पोचलो तरी पुरते गेलेले नसायचे. शेक संपल्यावर महिन्याने एमआरआय केला. रिपोर्टात लिहिलं होतं, गाठ वाढली. शेक कधी संपला याचा उल्लेखसुद्धा नव्हता. आईने त्या संध्याकाळी गोळ्या कपाटात मागे सारल्या. “आता कशाला पोराला उलट्यांचा त्रास,” म्हणाली.

त्या रात्री मी वाचत बसले. हो, गूगलवरच. शेकानंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत, शेक दिलेल्या भागातच गॅडोलिनियमचा (स्कॅनआधी शिरेतून देतात त्या औषधाचा) पांढरेपणा वाढला, तर तेवढ्यावरून गाठ वाढली असं ठरवू नये, हे २०१० च्या रॅनो निकषांत (मेंदूतली गाठ उपचाराला दाद देते का हे ठरवायच्या नियमांत) लिहिलेलं आहे. शेकाने रक्तवाहिन्या पाझरतात, म्हणूनही तो पांढरेपणा वाढतो. हे कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी त्याच सीडीतला एडीसी नकाशा, म्हणजे पाणी कुठे किती मोकळं फिरतं ते दाखवणारा डिफ्यूजनचा नकाशा, उघडून बघितला आणि गोळ्या सुरू ठेवायला सांगितलं. पुढच्या स्कॅनमध्ये पांढरेपणा ओसरला होता. त्यानंतर भाऊ चौदा महिने होता. मी वाचलं नसतं तर नुकसान कोणाचं झालं असतं, सर?

“आकार हाच पुरावा” असंही आपण म्हणता. गाठीत पेशी दाटीने असतात तोवर पाण्याच्या रेणूंना हलायला वाव कमी असतो. शेकाने पेशी मेल्या, फुटल्या की पाणी मोकळं फिरतं, एडीसी वाढतो. आकार नंतर बदलतो. मिशिगन विद्यापीठातल्या ब्रायन रॉस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हेच मांडलं: उपचाराच्या तिसऱ्या आठवड्यातल्या नकाशावरून पुढचा अंदाज येत होता, आकाराच्या नेहमीच्या मोजमापाला दहा आठवडे थांबावं लागायचं.

एक मान्य. ३४ रुग्णांच्या त्या अभ्यासाला मी ‘मोठा’ म्हटलं होतं. तो शब्द काढला आहे.

यंत्रागणिक एडीसीचे आकडे बदलतात, रोजच्या कामात तिसऱ्या आठवड्याचा स्कॅन कोणी करत नाही, वगैरे आपले बाकीचे मुद्दे असतील बरोबर. त्यात शिरत नाही. मी कुठेही ‘स्वतः निदान करा’ असं लिहिलेलं नाही, ‘डॉक्टरांना विचारा’ असं लिहिलंय. लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं.

रिपोर्ट आपण लिहिता. डिफ्यूजनच्या फिल्म त्या तपासणीत असतातच. एडीसीबद्दल एक ओळ जास्तीची लिहा, आणि शेक संपल्याची तारीख विचारून तीही लिहा.